जीवशास्त्राची पदवी : कागदावर तीन वर्षे, प्रत्यक्षात चार?

पुणे : ‘नीट’चे गुण वैद्यकीय प्रवेशाला पुरणार नाहीत हे स्पष्ट झाले, की पीसीबी गटातील अनेक विद्यार्थी बीएस्सीकडे वळतात. प्रवेश कोठे मिळेल, एवढीच त्या वेळी घरोघरी चिंता असते. पदवीसाठी नेमके काय पूर्ण करावे लागणार, हे सहसा कोणी विचारत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीनंतर मात्र हा प्रश्न आधी विचारण्याची वेळ आली आहे.

मुळात पुण्यातील संलग्न महाविद्यालयांत विद्यार्थ्याच्या हाती पडते ती पदवी वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र अशा एखाद्या शाखेची. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या जुन्या रचनेत प्रथम वर्षाला विज्ञानाचे चार विषय असत आणि तृतीय वर्षाला एकच उरे. २०१९ च्या अभ्यासक्रमात प्रथम वर्षाच्या प्रत्येक विषयाला सत्राला साडेपाच श्रेयांक होते. म्हणजे चार विषयांचे मिळून २२.

२०२४ च्या आराखड्यात एका सत्राचे श्रेयांक २२ च राहिले. पण पहिल्या सत्रात विज्ञानाच्या वाट्याला आले १२. तीन विषय, प्रत्येकी चार श्रेयांक. उरलेल्या दहांमध्ये खुला वैकल्पिक विषय, कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण आणि भारतीय ज्ञानप्रणाली यांची सोय लावण्यात आली आहे. प्रथम वर्षाच्या तीन विषयांतूनच पुढे मुख्य विषय आणि उपविषय निवडायचा असतो. वनस्पतिशास्त्र घेणाऱ्याला थोडी लोकशाही आणि थोडा व्यवहार कळावा, याला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो त्याची किंमत कोठून वसूल झाली याचा.

येथे एक बाब नोंदवली पाहिजे. प्रात्यक्षिकांवर कुऱ्हाड कोसळली, अशी तक्रार सर्रास केली जाते. आकडे तसे सांगत नाहीत. पूर्वी प्रथम वर्षाला एका विषयाच्या प्रात्यक्षिकाला दीड श्रेयांक होता, आता दोन आहेत. आटला आहे तो तात्त्विक भाग. चाराचे दोन श्रेयांक झाले. श्रेयांकाला १५ तास धरले, तर सबंध सत्रात ३० तास. पेशीरचना, आनुवंशिकता, वर्गीकरण यांचा पाया एवढ्या वेळात घालायचा आहे. प्रात्यक्षिकांचे स्वरूपही बदलले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये प्राण्यांचे विच्छेदन बंद करण्यास सांगितल्यापासून बेडूक ट्रेमधून संगणकाच्या पडद्यावर गेला. तो निर्णय योग्यच होता. मात्र हाताला वळण लावणारे दुसरे काम त्या जागी प्रत्येक महाविद्यालयाने उभे केले, असे म्हणता येणार नाही.

ही कसर भरून निघते ती पुढच्या वर्षांत, आणि खऱ्या अर्थाने चौथ्या वर्षात. राज्याच्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला १३२, तर चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १७६ श्रेयांक लागतात. चौथ्या वर्षात संशोधन करायचे, तर आयोगाच्या नियमानुसार पहिल्या सहा सत्रांत किमान ७५ टक्के गुण हवेत. या विद्यार्थ्याला १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प करावा लागतो. चार वर्षे पूर्ण करणाऱ्याला पदव्युत्तर पदवी एका वर्षात मिळू शकते, शिवाय चार वर्षांत ७५ टक्के मिळवणाऱ्याला पीएचडीचे दारही थेट उघडते. तीन वर्षांवर थांबणाऱ्याला एमएस्सीची दोन वर्षे आहेतच. एकूण काळ सारखाच. फरक एवढा की, एकाने पदवीतच संशोधन केलेले असेल आणि दुसऱ्याने नसेल.

खरी मेख गुणांपेक्षा महाविद्यालयात आहे. संशोधनासह ऑनर्स चालवायचे, तर विभागात पीएचडी मार्गदर्शक म्हणून मान्यता असलेले किमान दोन कायम प्राध्यापक असणे अपेक्षित आहे. फर्ग्युसन किंवा शिवाजीनगरचे मॉडर्न यांसारख्या स्वायत्त महाविद्यालयांना हे जड जाऊ नये. पण तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांच्या भरवशावर चालणाऱ्या उपनगरांतील आणि तालुक्याच्या ठिकाणच्या विभागांचे काय? तेथील विद्यार्थ्याने ८० टक्के मिळवले, तरी त्याच्यासमोरचा मार्ग महाविद्यालय बदलण्याचाच असेल.

दुसरे उदाहरण याच शहरात आहे. २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘आयसर’मध्ये पाच वर्षांच्या बीएस-एमएस अभ्यासक्रमाच्या सुरुवातीला जीवशास्त्राकडे जाणाऱ्यालाही गणित आणि भौतिकशास्त्र टाळता येत नाही. तेथील प्रवेश परीक्षेतही चारही विषयांचे प्रत्येकी १५ प्रश्न असतात. संलग्न महाविद्यालयात मात्र दहावीनंतर गणिताचे पुस्तक न उघडताही जीवशास्त्राच्या शाखेचा पदवीधर होता येते. जनुकक्रमाचा अभ्यास संख्याशास्त्रावर उभा असताना ही सवलत विद्यार्थ्याच्या हिताची कशी, हे कोडेच आहे.

साधनांची वानवा मात्र पुण्याला नाही. आघारकर संशोधन संस्था, राष्ट्रीय विषाणू संस्था, विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र, आकुर्डीतील प्राणी सर्वेक्षणाचे केंद्र अशी यादी फार थोड्या शहरांना सांगता येईल. कार्यांतर्गत प्रशिक्षण पदवीचाच भाग झाल्याने महाविद्यालयांनी या संस्थांशी आताच करार करायला हवेत. संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ मध्ये दाखल झालेली पहिली तुकडी २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षाच्या उंबरठ्यावर असेल. यंदा प्रवेश घेणाऱ्याने माहितीपुस्तिकेत शुल्काच्या रकान्यासोबत विभागातील मान्यताप्राप्त मार्गदर्शकांची संख्याही पाहावी, आणि ती छापलेली नसेल तर विचारून घ्यावी.