बोंडअळीला शिव्या देऊन झाल्या असतील, तर जरा पऱ्हाटीकडे बघू

ऑक्टोबर उजाडला की आपल्याकडे दरवर्षी तीच कॅसेट लागते. बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. कंपनीचा माणूस म्हणतो, शेतकऱ्यानं नियम पाळले नाहीत. सरकारी पत्रक म्हणतं, शेतकऱ्यानं फरदड ठेवली. व्हॉट्सॲपवरचे विद्वान म्हणतात, बीटी हाच परदेशी कट. मंडळी, इतकी वर्षं या बातम्या लिहितोय म्हणून स्पष्ट बोलतो. तिघांनाही झाड आणि किडा यांचं भांडण समजून घ्यायचं नाहीये, आणि किंमत मात्र कोरडवाहूवाला मोजतोय.

पऱ्हाटीचं पान उन्हाकडे धरा. बारीक काळे ठिपके दिसतील. सरकी कापली तर तिच्यातही दिसतात. त्यात गॉसिपॉल नावाचं विष असतं. झाडाला पळता येत नाही, शिंग मारता येत नाही, म्हणून ते अंगातच औषधं तयार करतं. तंबाखूतलं निकोटीन, कडुनिंबाचा कडूपणा, सगळा त्यातलाच प्रकार. गेल्या शतकात अमेरिकेत सरकी माणसाला खाता यावी म्हणून हे ठिपकेच नसलेला कापूस तयार केला होता. शेतात लावला, तर एरवी कापसाच्या वाटेला न जाणारे किडेसुद्धा त्याच्यावर तुटून पडले. उंदरांनीही सोडला नाही. (आपल्या गाई-म्हशींना ढेप चालते, कारण रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात हे विष बरंचसं निकामी होतं. कोंबड्यांना ती बाधते.)

पण किडाही हातावर हात ठेवून बसत नाही. ज्या अळ्यांना विष पचतं त्या जगतात, त्यांचीच पिलावळ वाढते. गुलाबी अळी तर कापसात इतकी मुरलीय की तिला आपल्याकडे दुसरं पीक जवळपास लागतच नाही. १९६४ साली पॉल अर्लिक आणि पीटर रेव्हन या दोन शास्त्रज्ञांनी फुलपाखरं आणि त्यांच्या खाद्यवनस्पतींवरून हा खेळ मांडला होता. झाड नवं विष काढतं, किडा उतारा शोधतो, की झाडाची परत नवी चाल. याला सहउत्क्रांती म्हणतात.

या चालू भांडणात २००२ साली आपण बीटी उतरवलं. जिवाणूचं प्रथिन झाडात बसवलं. अळीनं पान-बोंड खाल्लं की ते तिच्या आतड्याला चिकटतं आणि भोकं पाडतं. सुरुवातीला ते चांगलं चाललं, हे विरोधकांनीही प्रामाणिकपणे मान्य करावं. हिरव्या बोंडअळीवरच्या फवारण्या घटल्या होत्या. २००६ ला दोन विषांचं बियाणं आलं. २०१० मध्ये गुजरातेतल्या गुलाबी अळीला पहिलं विष पचतंय, हे मोन्सॅन्टोनंच जाहीर केलं. पुढच्या काही वर्षांत दुसरंही पचलं. २०१७ ला विदर्भ-मराठवाड्यात बोंडंच्या बोंडं सडली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली.

आता 'नियम पाळले नाहीत' याकडे येऊ. नियम असा, की बीटीच्या कडेनं साध्या कापसाच्या ओळी लावायच्या. तिथं विष न पचणाऱ्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांचा चिवट पतंगांशी संकर व्हावा आणि होणारी पिल्लं बीटी खाऊन मरावीत. हिशेब बरोबर आहे. हिरव्या अळीला तूर, हरभरा असे दुसरे आसरे आहेत. गुलाबीला नाहीत, म्हणून तिच्यासाठी या ओळी हव्याच होत्या. त्यासाठी पाकिटासोबत १२० ग्रॅमची पुडी यायची. त्या पुड्या बांधावर फेकलेल्या मी स्वतः पाहिल्यात. पण अळीला मुद्दाम दोन तास चारायचे आणि त्यातून दहा वर्षांनी फायदा होणार, हे दोन एकरवाल्याला समजावलं कुणी? समजावणं हे विकणाऱ्याचं काम होतं.

आणि ज्यावर कुणी बोलत नाही ते ऐका. आपल्याकडे बीटी आलं ते जवळजवळ सगळं संकरित वाणांत. कारण उघड आहे, संकरित बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं. पण संकरित झाडाच्या एकाच बोंडात काही सरक्यांत दोन्ही विषं, काहींत एक, काहींत एकही नाही. म्हणजे बोंडातल्या बोंडात अळीची विष पचवायची तालीम चालू! वर हे वाण लांब मुदतीचे, अळीला पिढ्यांवर पिढ्या काढायला मोकळं रान. हा निर्णय शेतकऱ्यानं घेतला नव्हता.

अमेरिकेतल्या ॲरिझोनात हीच अळी, हेच बीटी. तिथं सरळ वाण होते, साध्या कापसाची शेतं सक्तीनं राखली आणि नंतर विमानातून वांझ केलेले पतंग सोडले. २०१८ मध्ये तिथल्या कापूसपट्ट्यातून गुलाबी अळी संपल्याचं त्यांच्या सरकारनं जाहीर केलं. मग 'बीटी फेल' म्हणायचं, की आपण ते वापरलं कसं ते विचारायचं?

येत्या खरीप आढावा बैठकीत मी तीन प्रश्न विचारणार आहे. बियाण्याच्या पाकिटावर समोरच्या बाजूला, मोठ्या मराठी अक्षरांत 'गुलाबी बोंडअळीपासून संरक्षणाची खात्री नाही' असं छापणार का? कमी दिवसांच्या सरळ वाणांचं बियाणं पेरणीआधी तालुक्यात किती येणार? आणि जिनिंगच्या आवारात कामगंध सापळे लावून पतंग मोजायची जबाबदारी कुणाची? कागदावर नको, नाव सांगा.

उत्तरं मिळाली की इथंच टाकतो. तोवर डोमकळी दिसली तर तोडून नष्ट करा, शेतात सापळे लावा. सलग तीन दिवस एका सापळ्यात रोज आठ पतंग आले तरच फवारणीचा विचार करा. आणि फवारायचंच असेल तर दोन-तीन औषधं एकत्र कालवू नका, तोंड बांधल्याशिवाय पंप पाठीवर घेऊ नका.