कॉइल जळाली म्हणून कुणी मोटर बदलतं का?



आज डाळिंबाची नोंद नाही. आज मोटारसायकलवर लिहितोय. काही जण म्हणतील, तात्यानं शेती सोडून गॅरेज कधी काढलं? पण मला सांगा, गाडीशिवाय शेती होते का आता? दूध डेअरीला न्यायचं, औषध तालुक्यातून आणायचं, रात्रीची लाईट आली की दोन वाजता मोटर चालू करायला रानात जायचं. सगळं त्या दोन चाकांवर. म्हणून ही पण शेतातलीच नोंद समजा. आणि जरा रागानं लिहिलीय, तेही आधीच सांगतो.

झालं असं. गेल्या महिन्यात पुतण्याची गाडी घेऊन पहाटे दूध घालायला निघालो. बीएस-६ गाडी, वॉरंटी संपलेली. ओढ्याच्या अलीकडं गाडी गपकन बंद. सेल्फ मारला की इंजिन फिरतंय, पण चालू काय होईना. किक कंपनीनं दिलेलीच नाही. दुसऱ्या गिअरमध्ये टाकून ढकलली, घाम निघाला, गाडी ढिम्म. डेअरीचं संकलन बंद व्हायची वेळ टळली. तीस लिटर दूध घरी परत. थोडं विरजण लावलं, बाकीचं शेजारी वाटलं.

मग पिकअपमध्ये घालून गाडी तालुक्याला शोरूमला. भाडं ६०० रुपये. तिथल्या पोरानं चावी फिरवली, दोनदा सेल्फ मारला आणि म्हणाला, "काका, फ्युएल पंप गेलाय. पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल." खर्च मजुरी धरून ५,२०० रुपये, आणि पार्ट यायला आठ दिवस. मी विचारलं, "पंपापर्यंत करंट येतोय का ते बघितलं का?" तो हसला. "काका, ते तुमचं काम नाही."

इथं माझं डोकं फिरलं. माझी गाडी, माझे पैसे, आणि माझं काम नाही? परत पिकअप, परत ६०० रुपये, गाडी गावात.

आमच्या गावातला मिस्त्री शाळा फार शिकलेला नाही. त्यानं पहिल्यांदा मला गप्प बसवलं. "तात्या, बोलू नका, ऐका." चावी चालू केली आणि टाकीला कान लावला. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत चावी चालू केली की दोन-तीन सेकंद पंपाचा बारीक झूंऽऽ असा आवाज येतो. पंप पेट्रोलचा दाब तयार करतो. तो आवाज येत नव्हता. म्हणजे एक तर पंप मेलाय, नाहीतर पंपाला करंटच मिळत नाही. यातलं नेमकं कुठलं, ते बघितल्याशिवाय पंप गेला म्हणणं म्हणजे झाड सुकलं म्हणून लगेच उपटायचं, ड्रीपची नळी तुंबलीय का ते बघायचंच नाही.

त्यानं फ्यूज बघितला, चांगला होता. मग बाजूचं कव्हर काढलं. आत काडेपेटीपेक्षा लहान दोन काळ्या डब्या शेजारी-शेजारी. एक हेडलाईटची, एक पंपाची. दोन्हीवरचा नंबर एकच, पिना सारख्याच. त्यानं चावी बंद करून दोन्हींची अदलाबदल केली. चावी चालू केली. झूंऽऽ! सेल्फ मारला, गाडी चालू. आणि हेडलाईट बंद.

"तात्या, पंप ठणठणीत हाय. रिले मेलाय."

पंधरा मिनिटांचं काम. त्या डबीची किंमत १४० रुपये. कुठं १४० आणि कुठं ५,२००?

आता मंडळी, रिले म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायची गरज आहे का? विहिरीवरच्या स्टार्टरमध्ये काय असतं? हिरवं बटण दाबलं की कॉइलला करंट जातो, कॉइलचं लोहचुंबक होतं, ते पट्टी ओढतं, खट्ट आवाज येतो, पॉइंट चिकटतात आणि मोटरला लाईट जाते. बटणातून मोटरचा सगळा करंट जात नाही, नाहीतर बटण एका दिवसात जळलं असतं. गाडीतला रिले म्हणजे हेच, फक्त लहान पोर. थोड्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करायचा. आपण रात्री बॅटरी तोंडात धरून स्टार्टरचे काळे पडलेले पॉइंट पॉलिश पेपरनं घासतो. नो व्होल्ट कॉइल जळाली तर तेवढी कॉइल आणून बसवतो. कॉइल जळाली म्हणून विहिरीतली मोटर बदला असं कुणी सांगितलं, तर आपण त्याला बांधावर उभा करणार नाही. मग मोटारसायकलच्या बाबतीत आपण मुकाट्यानं ५,२०० का मोजतो?

कारण गाडीला आपण घाबरतो. वायरी बघितल्या की हात जोडतो. आणि याच भीतीवर बिलं फाडली जातात.

शोरूमवाल्यांची बाजू पण सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. ते म्हणतात, पूर्ण असेंब्ली बदलली की गाडी परत येत नाही, आम्हाला गॅरंटी द्यावी लागते. कधीकधी पंप खरंच गेलेला असतो, हे पण खरं. आणि त्या पोराचा राग मला नाही. त्याला दिवसात दहा गाड्या काढायच्या असतात, तपासायला वेळ कोण देतं? पण तपासणी न करता बदलणं याला दुरुस्ती म्हणत नाहीत. बरं, रिले मेलेला असताना पंप बदलला असता तरी गाडी चालू झालीच नसती. मग रिले बदलला असता, आणि बिलात दोन्ही लागलं असतं. आपल्याला काय कळणार होतं?

सरकारलाही हा प्रश्न माहीत आहे. २०२२ च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. त्यात शेतीची अवजारं, मोबाईल, घरातली उपकरणं आणि वाहनं असे चार विषय घेतले. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, ग्राहक दिनी, त्याचं संकेतस्थळ सुरू झालं. चांगलं आहे. पण संकेतस्थळानं ओढ्यात बंद पडलेली गाडी चालू होत नाही. ते काम आपल्यालाच शिकावं लागणार.

आता दुसरी बाजू. यात आपण पण साधू नाही.

माझीच चूक सांगतो. मिस्त्रीनं सांगितलं होतं, चांगल्या कंपनीचा रिले आणा. मी दुकानात गेलो आणि १४० चा बघून ६० चा उचलला. दुकानदार म्हणाला, "चालतंय की." तीन आठवडे चालला. मग गाडी कधी चालू, कधी बंद. मिस्त्रीनं डबी फोडून दाखवली. आत पॉइंट नखाएवढे पण नाहीत, जळून काळे, आणि खाली सील नसल्यामुळं आत पाणी जाऊन गंज चढलेला. आपण फवारणीच्या एचटीपी पंपानं गाडी धुतो, तो फवारा कुठं-कुठं घुसतो याचा विचार करतो का? ८० रुपये वाचवले आणि दोन खेपा घातल्या.

त्याच्याहून वाईट म्हणजे डायरेक्ट करणं. रिलेच्या जागी वायरीचा तुकडा घालायचा आणि म्हणायचं, झालं काम. मंडळी, हे करू नका. बऱ्याच इंजेक्शनच्या गाड्यांत गाडी पडली की सेन्सर पंपाचा करंट तोडतो, तो या रिलेमार्फतच. डायरेक्ट केलं की गाडी आडवी पडली तरी पंप पेट्रोल ढकलत राहणार, खाली गरम सायलेन्सर. १४० रुपयांसाठी माणूस भाजून घ्यायचा का? फ्यूजच्या जागी सिगारेटची चांदी घालणाऱ्यांना पण हेच सांगणं आहे.

म्हणून रिले आणायला जाताना काय बघायचं, ते मिस्त्रीकडनं शिकलेलं लिहून ठेवतो. फोटो काढून ठेवा.

१. जुना रिले खिशात घालून जा. तोंडी वर्णन सांगू नका.

२. व्होल्ट बघा. मोटारसायकलला १२ व्होल्टचा. ट्रकचा २४ व्होल्टचा रिले दिसायला तसाच असतो, सॉकेटमध्ये बसतो पण, आणि १२ व्होल्टवर नीट ओढत नाही.

३. पिनांचे नंबर बघा. ८५ आणि ८६ या कॉइलच्या. ३० वर बॅटरीकडनं करंट येतो, ८७ मधून पुढं जातो. हे आकडे जर्मनीच्या डीआयएन ७२५५२ या मानकातले आहेत, म्हणून बऱ्याच कंपन्यांच्या रिलेवर तेच सापडतात. पाचवी पिन ८७ए असेल, तर ती रिले बंद असताना जोडलेली असते. ८७ आणि ८७ए यात गल्लत केली तर चावी चालू केल्यावर जे चालायला पाहिजे ते बंद होणार. लहान रिलेवर १, २, ३ असे वेगळे आकडे असतात, तिथं डबीवरचं चित्र जुन्याशी ताडून बघा.

४. अँपिअर जुन्याएवढा किंवा थोडा जास्त चालतो, कमी नको. पण रिले मोठा घातला म्हणून फ्यूज वाढवायचा नाही. फ्यूज वायरीला वाचवतो, रिलेला नाही.

५. डबीवरच्या चित्रात कॉइलशेजारी बाणासारखी डायोडची खूण आहे का बघा. असेल तर तसाच घ्या. डायोडवाल्याला ८५-८६ ची उलटापालट चालत नाही.

६. सेल्फचा रिले आणि इंडिकेटरचा फ्लॅशर हे वेगळे प्रकार आहेत. सेल्फच्या रिलेला जाड वायरींचे दोन बोल्ट असतात, त्याच्या जागी ही लहान डबी चालत नाही. आणि इंडिकेटरला एलईडी बसवली आणि ती भराभरा लुकलुकायला लागली, तर बिघाड नाही, एलईडीला चालणारा फ्लॅशर लागतो.

७. शोरूम म्हणालं सुटा मिळत नाही, तर डबीवरचं नाव वाचा. गाडीची कंपनी रिले सहसा स्वतः बनवत नाही. बॉश, हेला अशा रिले बनवणाऱ्या कंपन्या वेगळ्याच. त्यांचा नंबर डबीवर असतो, तो घेऊन ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात जा.

८. नवा घालायच्या आधी सॉकेट बघा. हिरवा गंज किंवा वितळलेलं प्लास्टिक असेल तर आधी ते नीट करा, नाहीतर नवा रिले पण जाणार.

घरी तपासायचं असेल तर रिले काढून ८५-८६ ला १२ व्होल्टची बॅटरी लावा. डायोडवाला असेल तर चित्रातलं अधिक-उणे बघून. टक आवाज आला म्हणजे कॉइल चांगली. पण टक आवाजावर फसू नका. त्याच वेळी ३० आणि ८७ वर मीटर लावा, बीप वाजली तर पॉइंट पण चांगले. हे रिले गाडीबाहेर काढूनच करा. पेट्रोलच्या टाकीजवळ ठिणगी हा खेळ नाही. आणि गाडी वॉरंटीत असेल तर स्वतः काही खोलू नका, त्यांच्याकडनंच करून घ्या.

शोरूमला गेलात तर तीन गोष्टी मागा. काय तपासलं ते सांगा, बदललेला जुना पार्ट परत द्या, आणि बिलात पार्टचा नंबर लिहा. लाजायचं नाही. डाळिंबाचा व्यापारी आपला माल कापून बघतो, तेव्हा तो लाजतो का?

आणि एक. त्या मिस्त्रीनं माझ्याकडनं ५० रुपये पण घेतले नाहीत, मीच बळंच खिशात घातले. असा माणूस गावात आहे तोपर्यंत त्याच्याकडं जा आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्या. शोरूमला ५,२०० मुकाट देतो आणि मिस्त्रीला ५० देताना "भाऊ, जरा कमी कर" म्हणतो, हे बरोबर नाही. तो गेला की मग आपल्याला विचारायला कुणी राहणार नाही, आणि पंप बदला म्हटलं की पंपच बदलावा लागेल.

पुतण्याची गाडी आता १४० च्या रिलेवर चालतीय. एक जादाचा मी सीटखाली ठेवलाय. तुमच्या गाडीचा रिले कुठं बसवलाय, आज संध्याकाळी कव्हर काढून एवढं बघून ठेवा. दुधाच्या वेळेला शोधत बसू नका.

उद्या डाळिंबाच्या छाटणीची नोंद टाकतो. राम राम.