दिवे लागतात, देणेही लागते

कोकण रेल्वेने कणकवली सोडली की सिंधुदुर्ग, मग कुडाळ. त्या कुडाळात चिं. त्र्यं. खानोलकर खानावळ चालवत आणि आरती प्रभू या नावाने कविता लिहीत. 'जोगवा' १९५९ साली आला, 'दिवेलागण' १९६२ साली आणि 'नक्षत्रांचे देणे' १९७५ साली. पुढच्याच वर्षी, शेहेचाळिसाव्या वर्षी, ते गेले. १९७८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

या तिन्ही नावांतला एकही शब्द कवीने घडवलेला नाही. सगळे घरातले, अंगणातले. 'दीप'चा प्राकृतात 'दीव' झाला आणि आपल्याकडे दिवा. हे कोश सांगतो. आम्हांला मोह आहे तो 'लागण'चा. मराठीत दिवा लागतो, जसा झाडाला फणस लागतो, पोटात भूक लागते, जिवाला वेड लागतं. लावणारा हात वाक्यात उरतच नाही. तापाचीही लागणच होते. तिन्हीसांजेला मन कातर करणारं जे काही या कवितेत आहे, ते त्या एका क्रियापदात आधीपासून होतं, असं आम्हांला वाटतं.

'देणे' तर याहून खोल. देणे म्हणजे दान आणि देणे म्हणजे कर्जही. आणि तेही 'लागतं'च. 'मी तुमचं देणं लागतो' असं आपण म्हणतो. त्यात नक्षत्रं कोकणातली. इथला शेतकरी ती आभाळात कमी आणि शेतात जास्त ओळखतो: मिरग आला की पेरणी, हस्ताचा पाऊस आला की पिकाची काळजी. देवीच्या नावाने पाच घरी मागायच्या जोगव्यापासून निघालेला कवी शेवटच्या संग्रहात देण्याशी येऊन पोचला. हा प्रवास योगायोगाचा नाही, असं आमचं मत आहे.

म्हणून या अंकासाठी लेखकांकडे शब्द मागताना आम्ही एकच अट घातली: नुसता अर्थ नको, तो शब्द कोण, कुठे, कोणतं काम करताना बोलतं ते लिहा. व्हाळ, मांगर, सडा, तरवा, कुणगा यांच्यावरचे लेख पुढे आहेत. तरवा काढणाऱ्या बायकांनी सांगितलेले शब्द आम्ही त्यांच्याच उच्चारात छापले आहेत. प्रमाण मराठीत फिरवलेले नाहीत.