तहसीलदार नको, वस्ताद करा
मैदानाच्या कडेला : साप्ताहिक सदर

डेन्व्हरला नोकरी करणारा माझा भाचा दिवाळीला घरी आला होता. फराळाच्या ताटावर बसलं की आमच्या घरात विषय खेळाकडंच वळतो. त्या दिवशी वीरधवल खाडेचं नाव निघालं. लहानपणी ह्या भाच्यानं वीरधवलचे फोटो वहीत चिकटवले होते. सरकारनं त्याला तहसीलदार केलं, हे मी सांगितल्यावर तो हातातली करंजी खाली ठेवून म्हणाला, "मामा, एवढ्या मोठ्या जलतरणपटूला तहसीलदार का करतात?"

"मग? नोकरी नको का द्यायला?"

"द्यायलाच पाहिजे. पण सातबाऱ्याची का? पाण्याची का नाही?"

मला उत्तर देता आलं नाही. तो परत गेला, पण प्रश्न इथंच राहिला. गेले काही दिवस मी त्यावरच विचार करतो आहे.

वीरधवल सतरा वर्षांचा व्हायच्या आत २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उतरला. २०१० मध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये त्यानं ब्राँझ मिळवलं. त्याआधी आशियाई स्पर्धेत जलतरणाचं पदक भारताला १९८६ मध्ये, खजान सिंग यांच्यामुळं मिळालं होतं. म्हणजे चोवीस वर्षांचा दुष्काळ कोल्हापूरच्या पोरानं संपवला. पुढं सरकारी सेवा सुरू झाली, सराव मागं पडला, तरी तो पुन्हा पाण्यात उतरला. २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलच्या अंतिम फेरीत तो चौथा आला. तिसऱ्या क्रमांकाशी फरक होता सेकंदाच्या शंभराव्या भागाचा. २०२३ मध्ये गोव्यातल्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याच प्रकारात सुवर्ण घेऊन तो थांबला.

राही सरनोबत हीसुद्धा आपल्याच गावची. २५ मीटर पिस्तूलमध्ये तिनं २०१८ मध्ये आशियाई सुवर्ण जिंकलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. तिला उपजिल्हाधिकारी केलं गेलं.

नोकरी दिली याबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगतो. राज्यात खेळाडूंसाठी सरकारी नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे आणि ते टिकलंच पाहिजे. कोल्हापुरात मातीतले कितीतरी मोठे पैलवान म्हातारपणी मानधनाच्या कागदासाठी कचेऱ्यांचे जिने चढताना मी पाहिले आहेत. पोटाची चिंता असलेल्या माणसाकडून खेळाची सेवा होत नाही. तहसीलदाराचं कामही हलकं नाही. २०१९ च्या महापुरात रात्री-अपरात्री गावं रिकामी करताना महसूल खात्याची माणसं काय करतात, हे ह्या जिल्ह्यानं डोळ्यांनी पाहिलंय. पण ते काम करायला परीक्षा देऊन आलेली हुशार पोरं शेकड्यांनी मिळतात. पन्नास मीटरच्या शर्यतीत शेवटच्या पाच मीटरला श्वास घ्यायचा की नाही, हे अंगानं जाणणारी माणसं आख्ख्या महाराष्ट्रात किती सापडतील?

भाचा राहतो त्या डेन्व्हरमध्ये जॉन एल्वे नावाचा खेळाडू होऊन गेला. अमेरिकन फुटबॉल हा खेळ आपल्या शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉलशी नावापुरताच मिळताजुळता. त्यात चेंडू हातानं फेकतात, आणि प्रत्येक डावात तो कुणाकडं, कधी, किती लांब फेकायचा हे ठरवणारा एकच गडी असतो, क्वार्टरबॅक. सगळा संघ त्याच्या हाकेवर हलतो. १९८३ ते १९९८ असे सोळा हंगाम एल्वे डेन्व्हर ब्राँकोजसाठी त्या जागेवर खेळला. तिथली सर्वोच्च लढत म्हणजे सुपर बोल. त्याचे पहिले तिन्ही सुपर बोल तो हरला, तिसरा तर ५५ विरुद्ध १० असा. मग वयाच्या सदतिसाव्या आणि अडतिसाव्या वर्षी लागोपाठ दोन जिंकून १९९९ मध्ये त्यानं निवृत्ती घेतली.

भाच्याला मला सांगायची होती ती गोष्ट इथून पुढं सुरू होते. एल्वेला कुणी लगेच संघाच्या कारभारावर बसवलं नाही. बंदिस्त सभागृहात खेळल्या जाणाऱ्या छोट्या अरीना फुटबॉलमध्ये डेन्व्हरचा कोलोरॅडो क्रश नावाचा संघ उभा राहिला. एल्वे त्याचा भागीदार-मालक झाला आणि कारभारही बघू लागला. मोजका पैसा, छोटं मैदान. २००५ मध्ये त्या संघानं विजेतेपद मिळवलं. ब्राँकोजनं त्याला बोलावलं ते जानेवारी २०११ मध्ये, निवृत्तीनंतर बारा वर्षांनी. तेव्हा संघ सोळापैकी फक्त चार सामने जिंकून गाळात गेला होता.

कोणते खेळाडू घ्यायचे, कुणाला सोडायचं, कोच कोण, हे सगळं ठरवायचे अधिकार त्याच्याकडं आले. त्यानं व्हॉन मिलर हा तरुण बचावपटू निवडला. मानेच्या शस्त्रक्रियांमुळं आख्खा हंगाम बाहेर बसलेल्या आणि जुन्या संघानं सोडून दिलेल्या पेटन मॅनिंगला २०१२ मध्ये आणलं. २०१४ च्या सुपर बोलमध्ये ४३ विरुद्ध ८ असा दारुण पराभव झाला, तेव्हा गावात तोंड लपवून न बसता त्यानं संघाचा बचाव नव्यानं बांधला. चार वर्षं सलग गट जिंकून देणाऱ्या कोचला त्यानं निरोप दिला आणि गॅरी क्युबियाकला आणलं. हा क्युबियाक एकेकाळी एल्वेचाच राखीव क्वार्टरबॅक होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांनी पन्नासावा सुपर बोल जिंकला.

आणि मग घसरण. मॅनिंग निवृत्त झाला आणि त्याच्या जागी पक्का क्वार्टरबॅक एल्वेला पुढच्या पाच वर्षांत सापडला नाही. जी जागा त्यानं स्वतः सोळा वर्षं गाजवली, नेमकी तीच. २०१७ पासून ओळीनं चार हंगाम संघ जिंकला कमी, हरला जास्त. जानेवारी २०२१ मध्ये त्यानं निवडीचे अधिकार दुसऱ्याच्या हाती दिले. त्याचा पुतळा झाला नाही की त्याला खलनायकही ठरवलं नाही. काम दिलं, अधिकार दिले, जमलं तोवर जमलं, नाही जमलं तेव्हा जागा मोकळी झाली. उत्तम खेळणं आणि खेळणारे हेरणं ह्या दोन वेगळ्या विद्या आहेत, हे डेन्व्हरला पाच वर्षांत कळलं.

कोल्हापूरला हे फार आधीपासून ठाऊक होतं. आपल्याकडं त्या विद्येला नाव होतं. वस्ताद.

तालमीत पहाटे चारला दिवा लागतो तेव्हा वस्ताद आधीच हौद्याच्या काठाला बसलेला असतो. कुणी किती जोर मारायचे, कुणाच्या खुराकात दूध-बदाम कमी पडतंय, कुणाच्या गावाकडं पाऊस झाला नाही आणि म्हणून त्याचं मन मातीत लागत नाही, कुणाची जोड कुणाशी लावायची, यंदा कुठलं मैदान घ्यायचं आणि कुठलं नाकारायचं, हे तो ठरवतो. भरात आलेल्या पोराला "अजून वर्षभर थांब" म्हणायची ताकद त्याच्याशिवाय कुणात नसते. पठ्ठ्या पडला तर लोक वस्तादाला विचारतात. अमेरिकेतल्या संघांचा जनरल मॅनेजर ह्याहून वेगळं काही करत नाही.

गणपतराव आंदळकर आठवा. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचं पोरगं कोल्हापूरच्या तालमीत आलं आणि १९६० मध्ये हिंदकेसरी झालं. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत एक सुवर्ण, एक रौप्य, मग १९६४ चं टोकियो ऑलिंपिक. एवढं झाल्यावर ते कुठल्या कचेरीत जाऊन बसले नाहीत. मोतीबाग तालमीत वस्ताद झाले. दादू चौगुले त्यांच्या हाताखाली घडले, आणि पुढं दादूमामाही त्याच मातीच्या काठाला वस्ताद म्हणून बसले. २०१८ मध्ये आंदळकर गेले, पुढच्याच वर्षी दादूमामा. विद्या एका हातातून दुसऱ्या हातात जायची ही वाट कुणी शासन निर्णय काढून घातलेली नव्हती.

ही वाट सरकारी नोकरीत शिरताना कशी बंद होते, याचं सगळ्यात बोचणारं उदाहरण खाशाबा जाधव. राजाराम कॉलेजचा विद्यार्थी, १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार झाले. तिथं त्यांनी इमानानं चाकरी केली, सहायक आयुक्त म्हणून निवृत्त झाले आणि १९८४ मध्ये अपघातात गेले. परदेशी मॅटवर दोन ऑलिंपिक लढलेला हा माणूस होता. बाकी देश अजून मातीतच कुस्ती खेळत असताना मॅटची कुस्ती कशी असते हे त्यांच्याइतकं कुणाला कळत होतं? पण देशाची कुस्ती घडवायची सूत्रं त्यांच्या हाती कधी दिली गेली नाहीत. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेतल्या कुस्तीच्या संकुलाला त्यांचं नाव मिळालं. नाव मिळालं तेव्हा ते जाऊन पाव शतक लोटलं होतं.

महाराष्ट्राला दुसरं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला बहात्तर वर्षं लागली. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं. त्या दिवशी गावाकडं जाणाऱ्या रस्त्यावर गुलाल होता. त्या गुलालात एक नाव मात्र फार थोड्यांनी घेतलं, दीपाली देशपांडे. स्वप्नीलला घडवणाऱ्या ह्या प्रशिक्षिका स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळलेल्या नेमबाज आहेत. ऑलिंपिकच्या रेंजवर उभं राहिल्यावर छातीत काय होतं, हे त्यांना कुणी सांगावं लागत नव्हतं. खेळाडूच्या हाती खेळ दिला की काय होतं, याचा ह्याहून ताजा पुरावा मला सापडत नाही.

आपल्याकडं माणसांची वानवा नाही. २०१० मध्ये म्युनिकला नेमबाजीत जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंत आहे. राही आहे, वीरधवल आहे. सतरा वर्षांखालच्या २०१७ च्या फुटबॉल विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव आज ना उद्या बूट काढेल. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब अशा संघांतून खेळलेली, डोकं शाबूत असलेली माणसं पेठापेठांत आहेत. आणि तरी क्रीडा संकुलांच्या समित्या पाहिल्या, तर तिथं महसूल, बांधकाम, पोलीस अशा खात्यांचे अधिकारी पदामुळं बसतात, आणि बदली झाली की निघून जातात. जलतरण तलावाच्या पाण्यात क्लोरिन किती असावं यावर सही करणाऱ्यानं कधी त्या पाण्यात डोळे उघडलेले नसतात.

२०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यानं महासंघांच्या कार्यकारिणीत किमान दोन नामवंत खेळाडू असावेत असं ठरवलं. चांगलं झालं. पण पंधरा जणांच्या कार्यकारिणीत दोन खुर्च्या म्हणजे पाहुण्याचा मान. तिथं बसणाऱ्याला कोच निवडायचा अधिकार नसेल, पैशाच्या हिशेबावर बोट ठेवता येत नसेल, तर त्याचा उपयोग उद्घाटनाच्या फोटोपुरता.

म्हणून माझी राज्य सरकारकडं सरळ मागणी आहे. पदकवीरांचा पगार, श्रेणी, ज्येष्ठता, निवृत्तिवेतन यातलं काहीही कमी करू नका. पद उपजिल्हाधिकाऱ्याचं आहे तर त्याच दर्जाचं राहू द्या. फक्त ज्यांची इच्छा आहे त्यांचं टेबल महसुलातून उचलून क्रीडा खात्यात ठेवा. आणि पहिल्याच दिवशी आख्खं राज्य गळ्यात बांधू नका. एल्वेला क्रश मिळाला तसा एक तलाव द्या, एक रेंज द्या, एका जिल्ह्यातली बारा-चौदा वर्षांची पोरं द्या. हिशेब कसा ठेवायचा, निविदा कशी वाचायची, कोचशी करार कसा करायचा, हे तिथं शिकू द्या. तीन-चार वर्षांनी त्यांची पोरं कुठवर पोहोचली ते जाहीर करा. जमलं त्याला मोठं काम द्या. नाही जमलं तर त्याची अप्रतिष्ठा न करता परत बोलवा, कारण न जमणं हा गुन्हा नाही. जो चाचणीला घाबरून जन्मभर कधी माघारी फिरला नाही, त्याला ह्या चाचणीची भीती वाटायचं कारण नाही.

खेळातून बाहेर पडणाऱ्यांनाही एक विनंती आहे. खुर्ची मिळेल तेव्हा मिळेल. पण आंदळकरांना कुणी आदेश दिला नव्हता. तुमच्या जुन्या तलावावर, जुन्या रेंजवर आठवड्यातून एक पहाट जा. तिथल्या पोरांना तुम्ही दिसणं, ही निम्मी तालीम असते.

आणि वाचकहो, तुमच्याकडंही एक काम आहे. पुढच्या वेळी आपल्या जिल्ह्यातल्या पोरानं किंवा पोरीनं पदक आणलं, बिंदू चौकातून मिरवणूक निघाली आणि स्टेजवरून नोकरीची घोषणा झाली, की टाळ्या जरूर वाजवा. मग स्टेजवरून उतरणाऱ्या मंत्र्यांना गाठा आणि एवढंच विचारा : कुठल्या खात्यात?