राग गेला कुठे, तेही विचारा

कांजूरमार्ग पूर्वेच्या क्लायंटला ‘दीर्घ श्वास घ्या’ असं सांगण्याआधी त्या दिवशी वारं कुठून वाहतंय ते विचारून घ्यावं. ही चेष्टा नाही. पूर्व द्रुतगती महामार्गाच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला डम्पिंग ग्राउंड आहे. देवनारचा भार कमी होत गेला तसा मुंबईचा बहुतेक कचरा इथे येऊ लागला, रोज काही हजार टन. कांजूर, भांडुप, विक्रोळीपासून मुलुंडपर्यंतचे रहिवासी दुर्गंधीच्या तक्रारी वर्षानुवर्षं करत आले आहेत. मे २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने इथली ११९.९१ हेक्टर जमीन संरक्षित वन असल्याचा निर्णय दिला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. कायद्याच्या खाचाखोचा काहीही असोत, रात्री जेवणं उरकली की खिडक्या लावून घ्याव्या लागतात, त्या लागतातच. अशा घरातल्या माणसाच्या मोबाइलवर आपण दहा मिनिटांचं ध्वनिमुद्रण पाठवतो. त्यात एक गोड आवाज सांगतो, नाकपुड्यांशी लक्ष आणा, ताजी हवा आत येते आहे, ती अनुभवा.

त्याने अनुभवली. तक्रार तीच तर होती.

या अंकाचा विषय राग आणि सजगता असा ठरला तेव्हा लेखांची वानवा पडणार नाही याची खात्री होती. रागाची केस आली की सजगतेचा गृहपाठ द्यायचा, हे आता आपल्यापैकी अनेकांच्या हातवळणी पडलं आहे. त्याला माझा विरोध नाही, आधार भक्कम आहे. सोफी क्यार्विक आणि ब्रॅड बुशमन यांनी २०२४ मध्ये १५४ अभ्यासांची, दहा हजारांहून अधिक माणसांची माहिती एकत्र तपासली. शरीराची उत्तेजना खाली आणणारे उपाय, म्हणजे श्वसन, ध्यान, योग, स्नायू सैल सोडणं, यांनी राग उतरतो. उत्तेजना वाढवणाऱ्या उपायांनी एकंदरीत उतरत नाही, आणि धावायला जाण्याने तर वाढण्याचीच शक्यता दिसली. ‘मनात ठेवू नकोस, उशी बडव’ हा सल्ला अजूनही काही कार्यशाळांत दिला जातो. तो आता थांबवायला हरकत नाही.

माझा प्रश्न राग उतरल्यानंतरचा आहे.

पुढचं उदाहरण एका माणसाचं नाही. सुपरव्हिजनमध्ये ऐकलेल्या तीन-चार केसेसचे तपशील एकत्र करून, ओळखी पुसून ते मांडतो आहे. पंचेचाळिशीचा गृहस्थ, एका कारखान्यात खरेदी विभाग सांभाळणारा. घरी आला की मुलावर ओरडायचा. कधी मोबाइलवरून, कधी एसीच्या बिलावरून. एसी लावायचा का, तर खिडकी उघडता येत नाही म्हणून. एकदा टीव्हीचा रिमोट भिंतीवर फेकला, तेव्हा बायको त्याला समुपदेशनाला घेऊन आली. गृहपाठ त्याने मनापासून केला. सकाळी दहा मिनिटं, रात्री दहा मिनिटं. रागाच्या शून्य ते दहाच्या पट्टीवर आठवर असलेला आकडा दोन महिन्यांत तीनवर आला. समुपदेशकाने फाइलमध्ये ‘लक्षणीय सुधारणा’ असं लिहिलं. शेवटच्या सेशनला बायको म्हणाली, “ह्यांचा आवाज बंद झाला, खरंय. पण मुलाचा बारावीचा निकाल लागला, तर ‘हो का’ म्हणाले आणि डोळे मिटून बसले.” आणखी एक गोष्ट ती जाता जाता बोलली आणि फाइलमध्ये ती आलीच नाही. दुर्गंधीच्या तक्रारीसाठी सोसायटीची जी मंडळी वॉर्ड ऑफिसला चकरा मारत होती, त्यांच्यात तो आधी पुढे असायचा. आता जात नाही. म्हणतो, कशाला मनस्ताप करून घ्यायचा.

पट्टीवर आकडा खाली आला, कारण पट्टी तेवढंच मोजत होती. या माणसाकडे दोन राग होते. एक मुलावर निघायचा, तो जागा चुकलेला होता. दुसरा त्या वासावर होता. तो रास्त होता, त्याला पत्ता होता, त्याच्यापाशी करण्यासारखं कामही होतं. सजगतेच्या सरावाने दोन्ही विझले, कारण दोन्हींत फरक करायला त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. उपायाला मी दोष देत नाही. मोजमाप आणि विचारपूस आपली, तेव्हा दोषही आपलाच.

अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती आपल्याकडे कि. मो. फडके यांच्यामुळे रुजली. एलिस यांच्याशी त्यांचा अनेक वर्षांचा पत्रव्यवहार होता. त्या परंपरेत शिकलेल्यांना मी काही नवीन सांगत नाही. माणसाला जाळणारा संताप वेगळा आणि चुकीच्या गोष्टीबद्दल वाटणारी, कृतीला लावणारी नापसंती वेगळी, हे तिथे पहिल्या काही धड्यांतच येतं. मग सजगतेचं शिबिर करून आलो की हा धडा आपण विसरतो कसे? मला वाटतं, शांत झालेला क्लायंट समोर बसलेला बरा वाटतो. तो वाद घालत नाही, वेळेवर येतो, आभार मानतो. आपली सोय आणि त्याची प्रगती या दोन गोष्टी एकाच खुर्चीत येऊन बसतात.

कीर्तनात एकनाथांची ती गोष्ट सांगतात. गोदावरीवरून स्नान करून येणाऱ्या नाथांवर एक जण पुन्हा पुन्हा थुंकतो आणि नाथ प्रत्येक वेळी शांतपणे परत नदीवर जातात. रागाच्या कार्यशाळेत ही गोष्ट हमखास येते. ऐकणाऱ्यांत सुना असतात, कंत्राटी कामगार असतात, वास सोसणारे भाडेकरू असतात. नाथांनी ते स्वतःहून पत्करलं, ती त्यांची ताकद होती. आपण मात्र ही गोष्ट नेहमी ज्याच्यावर थुंकी पडते त्याला सांगतो. थुंकणाऱ्याला कार्यशाळेला बोलावल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

आता भावनांपासून अलिप्त होण्याकडे येतो, कारण मला अधिक काळजी त्याची आहे. ओरडणारा माणूस निदान दिसतो. ‘मला आता कशाचंच काही वाटत नाही’ हे वाक्य क्लायंट समाधानाने म्हणतो तेव्हा आपण सावध व्हायला हवं. सराव जमलेल्या माणसाला राग येताना कळतो. छातीत, जबड्यात, हाताच्या मुठीत तो कुठे बसला आहे हे सांगता येतं, आणि तो असतानाही काय करायचं ते निवडता येतं. भावना बंद केलेल्या माणसाला यातलं काही सांगता येत नाही. ‘आत्ता शरीरात कुठे जाणवतंय?’ असं विचारलं तर तो ‘कुठेच नाही’ म्हणतो. रागाबरोबर त्याचा आनंदही गेलेला असतो, मुलाच्या निकालाचा सुद्धा. आधी आघात झालेला असेल, घरात मार खाल्लेला असेल, तर डोळे मिटून आत पाहायला सांगितल्यावर असं सुन्न होणं अधिक संभवतं. अमेरिकेत विलोबी ब्रिटन यांनी ध्यानाच्या अशा दुष्परिणामांचा बरीच वर्षं अभ्यास केला आहे. आपल्या प्रशिक्षणांत त्यावर अर्धा तासही दिला जात नाही.

अँड्र्यू हाफेनब्रॅक आणि सहकाऱ्यांचा २०२२ सालचा शोधनिबंध प्रत्येक समुपदेशकाने वाचावा. आठ प्रयोग, चौदाशेहून अधिक सहभागी. दुसऱ्याचं नुकसान केल्याची आठवण काढायला लावून नंतर श्वासावर लक्ष द्यायला सांगितलं, तर अपराधी भावना कमी झाली आणि तिच्याबरोबर भरपाई करण्याची इच्छाही कमी झाली. मैत्रीभावनेचं ध्यान करणाऱ्यांमध्ये ती इच्छा अधिक राहिली. रिमोट फेकणाऱ्या, त्याहून पुढे जाऊन हात उचलणाऱ्या पुरुषाला आपण नुसता श्वास शिकवतो, तेव्हा त्याचं मन हलकं होतं. ते हलकं व्हावं का, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

हिंसेच्या केसमध्ये तर मी स्पष्टच सांगेन. हे गृहस्थ साहेबांवर कधी रिमोट फेकत नाहीत. ज्याचा राग माणूस पाहून येतो, त्याला राग आवरत नाही असं म्हणता येत नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर स्त्रियांसाठी विशेष कक्ष सुरू केला. २००० मध्ये महापालिका आणि सेहत ही संस्था यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र काढलं. दोन्ही ठिकाणच्या कामाचा आरंभ बाईच्या सुरक्षिततेपासून होतो. पतीचा श्वास नंतर पाहू. खासगी प्रॅक्टिसमध्ये हा क्रम उलटा झालेला मी पाहतो, आणि तो धोकादायक आहे.

हे सगळं परदेशी निबंधांतूनच कळतं असं नाही. सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ मध्ये भारतात येऊन विपश्यना शिकवायला सुरुवात केली. इगतपुरीचं धम्मगिरी १९७६ पासून उभं आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये जॉन कबाट-झिन यांचा आठ आठवड्यांचा कार्यक्रम त्यानंतर, १९७९ मध्ये सुरू झाला. कांजूरमार्ग स्टेशन ज्या मध्य रेल्वेवर आहे, त्याच रेल्वेवर इगतपुरीही आहे. तिथल्या दहा दिवसांच्या शिबिराची सुरुवात शीलांनी होते, आणि शेवटाकडे मैत्रीभावना शिकवली जाते. मधलं आनापान, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवणं, आणि विपश्यना या दोन टोकांच्या कुशीत आहे. आपण मधला तुकडा उचलला, दहा मिनिटांचा केला, त्याला मागे संगीत लावलं आणि दोन्ही टोकं कापून टाकली. गंभीर मानसिक आजार असलेल्यांसाठी हे शिबिर नाही, हे विपश्यनेच्या नियमावलीत आधीच सांगितलेलं असतं. आपल्या ध्वनिमुद्रणाच्या आधी तेवढी विचारपूस तरी आपण करतो का?

ताटीचे अभंग आठवा. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानेश्वर ताटी लावून आत बसले आहेत. बाहेर धाकटी बहीण उभी आहे. ती राग सोडायची समजूत घालते, पण विनवणी दर वेळी ताटी उघडण्याची करते. आत बसून मन शांत झालं असेलही, तिला तेवढ्याने भागत नाही. आपल्या केसनोंदींना हाच निकष लावायला काय हरकत आहे? आकडा आठावरून तीनवर आला, उत्तम. ताटी उघडली का? निकालाच्या दिवशी पेढे आणायला माणूस खाली उतरला का, वॉर्ड ऑफिसला परत गेला का?

एक साधं तंत्र सांगतो, कारण संपादकीयाने नुसत्या तक्रारी करू नयेत. निर्भय सिंह यांनी आक्रमक वर्तनासाठी विकसित केलेलं तळपायांचं ध्यान २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. बौद्धिक अक्षमता आणि मानसिक आजार असलेल्या एका व्यक्तीबरोबर ते प्रथम वापरलं गेलं. म्हणजे त्याला भारी शब्दसंपत्ती लागत नाही. पाय जमिनीवर सपाट टेकायचे. राग आला ती घटना आठवायची आणि राग येऊ द्यायचा, अडवायचा नाही. मग सगळं लक्ष तळपायांकडे न्यायचं. बोटं हलवायची, चपलेचा पट्टा, मोज्याची वीण, टाचेखालची फरशी जाणवते का पाहायचं. मन शांत होईपर्यंत तिथेच राहायचं आणि मग ठरवायचं की काय करायचं. डोळे मिटायला नकोत, त्यामुळे सुन्न होण्याची भीती कमी. संध्याकाळी कांजूरमार्गच्या पुलावर, मागून ढकलाढकली चालू असतानाही हे करता येतं. आणि हवेचा वास कसाही असला तरी तळपाय जागेवर असतात.

यातली शेवटची पायरी, ‘मग काय करायचं ते ठरवायचं’, सेशनमध्ये वगळू नका. तिथे क्लायंटबरोबर कागद घेऊन बसा. मुलाशी काय बोलायचं आहे, माफी मागायची आहे का, तक्रारअर्ज कुणाच्या नावे आणि कुठे द्यायचा आहे, सोबत कोण येणार आहे. तक्रारअर्ज लिहायला मदत करणं हे समुपदेशकाचं काम नव्हे, असं काही ज्येष्ठांचं मत आहे. मला ते पटत नाही.

या महिन्यापासून दोन गोष्टी करून पाहा, ही विनंती. रागाच्या प्रत्येक केसमध्ये पहिल्याच सेशनला ‘हा राग रास्त आहे का, आणि कुणावर निघतो?’ याची नोंद करा. आणि केस बंद करण्याआधी घरातल्या एका माणसाला, क्लायंटच्या संमतीने, विचारा की तो आता कसा वागतो. सरावानंतर क्लायंट थंड पडल्याचा, सुन्न झाल्याचा अनुभव तुमच्याकडे असेल, तर ओळख पुसून पाचशे शब्दांत लिहून पाठवा. यशाच्या केसेस आमच्याकडे भरपूर येतात. पुढचा अंक आम्ही या दुसऱ्या केसेससाठी राखून ठेवला आहे.