गास्केट स्वस्त, घाई महाग

या सदरात आम्ही बहुधा घरखर्च, मुलांचे शिक्षण, सणावाराची तयारी असे विषय घेतो. या वेळी ट्रकच्या इंजिनाबद्दल लिहीत आहोत. आपल्यातल्या कितीतरी घरांची चूल ट्रक, टेम्पो आणि गॅरेजच्या जिवावर पेटते. इंजिन बंद पडले की घरातली मोठी माणसे गप्प होतात आणि बायकांना कारणही नीट कळत नाही. ते कळावे, एवढ्यासाठी हा लेख.

आमच्याकडे अब्बांनी घेतलेला जुना टाटा ट्रक आहे. त्याच्या इंजिनाला सगळे ६९७ म्हणतात. सिलिंडर सहा आणि प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर, त्यावरून ते नाव. चिपळूणच्या बाजूने जांभा चिरे भरायचे, कुंभार्ली घाट चढून कराडकडे उतरवायचे, हा आमचा धंदा. पाऊस लागला की चिरेखाणी बंद. म्हणून एप्रिल-मे महिन्यांतली एकेक खेप म्हणजे पावसाळ्यातले धान्य आणि जूनमधली शाळेची फी.

त्या मे महिन्यात धाकटा भाऊ रोज सकाळी रेडिएटरमध्ये दोन-तीन लिटर पाणी घालत होता आणि घरी बोलत नव्हता. खाली जमिनीवर तर एक थेंब दिसत नव्हता. मग पाणी जाते कुठे? सकाळी गाडी चालू केली की पांढरा धूर बराच वेळ राहायचा. एक दिवस ऑईलची दांडी काढून पाहिली, तर ऑईल दूध घातलेल्या चहासारखे. गल्लीतल्या मिस्त्रीने थंड इंजिनावर रेडिएटरचे झाकण काढून गाडी चालू केली. पाण्यात सारखे बुडबुडे. हेड गास्केट गेले होते.

इंजिनाचा खालचा भाग म्हणजे ब्लॉक आणि वरचे झाकण म्हणजे हेड. दोहोंच्या मध्ये बसते ते गास्केट. सिलिंडरमधला स्फोटाचा दाब, इंजिन गार ठेवणारे पाणी आणि वंगणाचे ऑईल, या तिघांना ते आपापल्या वाटेने ठेवते. ते फाटले की पाणी सिलिंडरमध्ये किंवा ऑईलमध्ये जाते आणि सिलिंडरमधला वायू पाण्यात घुसतो. पाणी मिसळलेल्या ऑईलवर गाडी दामटली तर क्रँकचे बेअरिंगही जाते. मग खर्च गास्केटच्या कितीतरी पट होतो.

इथे आमच्याकडून चूक झाली. आम्हीच मिस्त्रीच्या मागे लागलो, "रातोरात बसवून द्या, सकाळी खेप आहे." त्याने हेड उतरवले, जुने गास्केट खरवडले, नवे बसवले. पहाटे गाडी भरली. बाराव्या दिवशी घाटात काटा पुन्हा लाल पट्टीवर गेला आणि भरलेली गाडी वळणावर उभी राहिली. मिस्त्रीला दोष देण्यात अर्थ नव्हता. वेळ आम्हीच दिला नव्हता.

गाडी ओढून आणली त्या संध्याकाळी एक ओळखीचा दलाल घरी आला. म्हणाला, "रेडिएटरमध्ये गळती बंद करायची पावडर टाका. महिनाभर तोंड बंद राहील. तेवढ्यात गिऱ्हाईक मी आणतो." आम्ही भाऊ एकमेकांकडे पाहू लागलो. सांगायला लाज वाटते, पण मनात तो विचार आला होता. अम्मी आतून चहा घेऊन आली आणि म्हणाली, "त्या स्टेअरिंगवर कुणाच्या तरी घरचं पोरच बसणार आहे ना?" दलाल चहा पिऊन गेला. पुन्हा तो विषय निघाला नाही.

मग आम्ही अब्बांच्या वेळच्या उस्तादांकडे गेलो. वय झालेले, आता स्वतः पाना फार धरत नाहीत. त्यांनी भावाला विचारले, "गास्केट गेलं हे दिसतंय. का गेलं, ते बघितलंस का?" भाऊ गप्प. "मग ते बघेपर्यंत नवं बसवायचं नाही."

इंजिन रात्रभर गार होऊ दिले. सकाळी बॅटरीची तार काढली, पाणी आणि ऑईल सोडले. नोझल काढून नळ्यांची तोंडे स्वच्छ फडक्याने बांधली. पुशरॉड ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने पुठ्ठ्याला भोके पाडून त्यात खोचून ठेवले. हेडचे बोल्ट कडेकडून मधे, थोडे थोडे सैल केले. एकदम एका बाजूने सोडले तर हेड वाकू शकते. बिडाचे ते लांब हेड चेनपुलीनेच उचलले.

मग उस्तादांनी हेडवर सरळ पोलादी पट्टी आडवी, उभी आणि तिरपी ठेवली. मधोमध पट्टीखाली फीलर गेजचे जाड पाते सहज आत गेले. हेड तापून वाकले होते. पहिल्या रात्री हे कुणी मोजलेच नव्हते. वाकड्या हेडखाली कितीही चांगले गास्केट घाला, ते टिकत नाही. हेड मशीनवाल्याकडे गेले. आधी व्हॉल्व्हच्या मधे तडा आहे का ते पाहिले, पाण्याचा दाब देऊन तपासले, मग फेसिंग केले. ब्लॉकचा माथाही पट्टीने तपासला. तो ठीक निघाला.

गरम का झाले, तेही सापडले. रेडिएटरच्या पट्ट्यांमध्ये चिऱ्यांची तांबडी धूळ आणि गळलेले ऑईल मिळून लेप बसला होता. हवा जायला वाटच नव्हती. आत वर्षानुवर्षे साधे पाणी घातल्याचा गंज. पंख्याचा पट्टाही सैल. गास्केट बिचारे शेवटी फाटले, दुखणे मुळात रेडिएटरचे होते.

जोडताना उस्ताद शेजारी स्टूल टाकून बसले. ब्लॉकवर पॉलिश पेपरची चाकी फिरवू दिली नाही, तिची कचकच ऑईलच्या वाटेत शिरते. बोल्टांची भोके फुंकून कोरडी केली, कारण आत पाणी किंवा ऑईल राहिले तर बोल्ट आवळताना ब्लॉकला तडा जाऊ शकतो. गास्केटची वरची बाजू आणि पाण्याची भोके जुळवून पाहिली. बोल्ट मधून कडेकडे, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे आवळले. टॅपेट जुळवले. ऑईल आणि फिल्टर नवे, पाण्यात कूलंट. इंजिन जुन्या पद्धतीचे असल्याने गाडी चालवून घेतल्यावर पुस्तकाप्रमाणे बोल्टांचा ताण पुन्हा तपासला आणि टॅपेटही.

यात चार दिवस गेले. मे महिन्यातल्या चार दिवसांच्या खेपा बुडाल्या आणि फीसाठी काढून ठेवलेल्या पैशांना हात लावावा लागला. पहिल्याच वेळी हे चार दिवस दिले असते तर एक गास्केट, एक मजुरी आणि गाडी ओढून आणण्याचे भाडे वाचले असते.

ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी एवढे करावे. सकाळी गाडी थंड असताना पाणी आणि ऑईल पाहावे आणि पाणी किती घातले ते वहीत लिहावे. पाणी रोज कमी होत असेल तर त्याच दिवशी घरात सांगावे. काटा लाल पट्टीकडे सरकला की गाडी बाजूला घ्यावी. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये, उकळत्या पाण्याने तोंड भाजते. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये, हेडला तडा जातो. आणि मिस्त्रीला "कधी देणार?" विचारण्याआधी "हेड पट्टीने तपासलं का?" हे विचारावे.

आमच्या ट्रकची वही आता अम्मीकडे असते. भाऊ रोज सकाळी पाण्याचा आकडा सांगतो. सध्या तिथे रोज शून्य लिहिले जाते.