खतना, बहिष्कार आणि आपले लोकप्रतिनिधी

डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने सर्वोच्च न्यायालयाला सांगितले की, भारतात स्त्री-खतना होतो हे दाखवणारी कोणतीही अधिकृत आकडेवारी किंवा अभ्यास उपलब्ध नाही. त्याच वर्षीच्या मे महिन्यात तत्कालीन मंत्री मेनका गांधी म्हणाल्या होत्या की, बोहरा धर्मगुरूंनी ही प्रथा आपणहून थांबवली नाही तर सरकार कायदा आणेल. सात महिन्यांत कायद्याची भाषा गेली आणि आकडेवारीची सबब आली. आकडेवारी असणार कशी? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हा प्रश्नच विचारला जात नाही. जे मोजायचेच नाही, ते नाही असे म्हणणे सोपे असते.

ही प्रथा आपल्यापासून लांब कुठेतरी आहे असे समजण्याचे कारण नाही. दाऊदी बोहरा समाजाचे धार्मिक मुख्यालय मुंबईत आहे. मुलगी साधारण सात वर्षांची झाली की तिच्या क्लिटोरिसवरची त्वचा कापली जाते. बहुतेक वेळा घरातलीच आजी किंवा मावशी तिला खाऊचे, फिरायला नेण्याचे निमित्त सांगून घेऊन जाते. समर्थक म्हणतात, हा नुसता टोचा आहे, धार्मिक शुद्धी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत मात्र वैद्यकीय कारणाशिवाय केलेली अशी कोणतीही इजा स्त्री जननेंद्रियछेदनातच मोडते. 'साहियो' या संघटनेने 385 बोहरा स्त्रियांना विचारले तेव्हा 80 टक्के स्त्रियांनी आपला खतना झाल्याचे सांगितले. नमुना छोटा, उत्तर देणाऱ्या स्वेच्छेने पुढे आलेल्या, त्यामुळे हा आकडा संपूर्ण समाजाला लावता येणार नाही. पण "अभ्यासच नाही" या सरकारी वाक्याला तो पुरेसे उत्तर आहे.

2017 च्या जनहित याचिकेत ॲटर्नी जनरलनी प्रथेच्या विरोधातच बाजू मांडली. तरी 2018 मध्ये प्रकरण पाच न्यायमूर्तींकडे गेले आणि 2019 मध्ये शबरीमलाच्या निमित्ताने धर्मस्वातंत्र्याचे व्यापक प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवताना त्यांत हाही प्रश्न आला. आमच्या मते यात सर्वांत जास्त सुटकेचा श्वास खासदारांनी घेतला. न्यायालयात आहे म्हटले की सभागृहात बोलायची गरज उरत नाही. डिसेंबर 2023 मध्ये संसदेने अख्खी दंडसंहिता नव्याने लिहिली, पण खतन्यासाठी त्यात स्वतंत्र कलम नाही. गंभीर दुखापतीची कलमे आणि पोक्सो लावता येतील असे म्हणतात. पण सात वर्षांची मुलगी आजीविरुद्ध फिर्याद द्यायला पोलीस ठाण्यात जाणार आहे का?

नुसती बंदी घालून भागत नाही, हे गांबियाने दाखवले. तिथे 15 ते 49 वयोगटातील सुमारे 73 टक्के स्त्रियांचा खतना झालेला आहे. 2015 मध्ये बंदीचा कायदा झाला. तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पहिली शिक्षा व्हायला 2023 उजाडले. तीन स्त्रियांना दंड झाला आणि तो एका इमामाने भरला. तिथूनच कायदा रद्द करण्याची मोहीम पेटली. मार्च 2024 मध्ये रद्द करण्याचे विधेयक 42 विरुद्ध 4 मतांनी समितीकडे गेले. 58 सदस्यांच्या त्या सभागृहात स्त्रिया होत्या पाच. पुढचे चार महिने ज्यांच्यावर हे गुजरले त्या स्त्रिया, डॉक्टर, कार्यकर्ते आमदारांना भेटत राहिले आणि 15 जुलैला विधेयक फेटाळले गेले. तेच सभागृह, तेच सदस्य.

केनियाचा 2011 चा कायदा आम्हाला अधिक शहाणपणाचा वाटतो. तिथल्या महिला खासदारांनी तो रेटून नेला. त्यात बंदी आहेच; शिवाय या कामासाठी स्वतंत्र मंडळ आहे, परदेशी नेऊन खतना करणे गुन्हा आहे, आणि खतना न झालेल्या स्त्रीला किंवा तिच्या नवऱ्याला त्यावरून हिणवणे हासुद्धा गुन्हा आहे. शेवटचे कलम ज्याने लिहिले त्याला समाज कसा चालतो हे कळत होते. प्रथा सुरीवर टिकत नाही, टोमण्यावर आणि वाळीत टाकण्याच्या भीतीवर टिकते.

याच मुद्द्यावर आपल्या राज्याचा एक विसरलेला इतिहास आहे. 1949 मध्ये मुंबई विधिमंडळाने जातीतून किंवा धर्मसमूहातून बहिष्कृत करण्यावर बंदी घालणारा कायदा केला. बोहरा धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो रद्द केला. वेगळा निकाल देणारे एकटे न्यायमूर्ती होते खुद्द सरन्यायाधीश भु. प्र. सिन्हा. बहिष्कृत माणूस आपल्याच समाजात अस्पृश्य होतो, म्हणून हा कायदा कलम 17 च्या आशयाला धरून आहे, असा त्यांचा रोख होता. आपल्या वाचकांना कलम 17 समजावून सांगायला नको. ज्या बोहरा स्त्रीने खतन्याविरुद्ध तोंड उघडले, तिच्या घरच्या लग्नाला कोण येईल, मयताला कबरस्तान मिळेल का, ही भीती आपल्या आजी-पणजीने पाणवठ्यावर अनुभवलेल्या भीतीची सख्खी बहीण आहे.

महाराष्ट्राने 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला, 2017 पासून तो लागू आहे; तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. त्याची चर्चा जातपंचायतींपुरती राहिली. खतन्याला नकार देणाऱ्या कुटुंबाला याच कायद्याचे संरक्षण मिळेल, असे गृहखात्याने जाहीर करावे, एवढीही मागणी आजवर कुणा आमदाराने लावून धरल्याचे आमच्या ऐकिवात नाही. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे, त्यामुळे दिल्लीकडे बोट दाखवून राज्याला सुटता येणार नाही.

आता एक अडचणीची गोष्ट. हा विषय निघाला की काहींना मुसलमानांना झोडपायची संधी दिसते. तिहेरी तलाकच्या निकालानंतर दोन वर्षांत तुरुंगवासाचा कायदा झाला. खतन्याबाबत तशी घाई दिसली नाही. तशी घाई आम्हाला नकोही आहे. उद्या कायदा आलाच आणि त्यात आईलाच पहिली आरोपी केले, तर मुली कायमच्या गप्प होतील. मसुदा समितीत मासूमा रानालवी यांच्यासारख्या, स्वतः भोगलेल्या आणि उघडपणे बोलणाऱ्या बोहरा स्त्रिया असल्या पाहिजेत. शिक्षेचा रोख कापणारी व्यक्ती, दवाखान्यात हे करणारा डॉक्टर आणि फर्मान काढणारा यांच्यावर हवा.

धर्माच्या नावावर जन्मापासून मरणापर्यंत सगळेच कायद्याच्या बाहेर ठेवता येणार नाही, हे बाबासाहेबांनी संविधान सभेत ठणकावून सांगितले होते, आणि हिंदू कोड बिल रखडवले गेले तेव्हा 1951 मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. त्यांचे नाव घेऊन निवडून आलेले आमदार-खासदार सगळ्या पक्षांत आहेत. येत्या अधिवेशनाआधी तरुण कार्यकर्त्यांनी आपापल्या आमदाराला लेखी दोन गोष्टी विचाराव्यात: राज्याचा आरोग्य विभाग खतन्याची पाहणी कधी करणार, आणि 2016 च्या कायद्याखाली किती गुन्हे नोंदले, त्यांत धर्मगुरूंच्या आदेशाविरुद्धचे किती? उत्तर लेखीच मागावे.